ट्रॉली थांबली पाहिजे

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



वेचणीच्या तोंडावर ही बैठक भरली आहे आणि आम्ही भाव सोडून ट्रॉलीवर बोलायला उभे राहिलो आहोत. काहींना याचे नवल वाटेल. भावाचे बोलणे होईलच, ते टळत नाही. पण भावाचा हिशेब मांडताना एक गोष्ट सगळेच गृहीत धरतात. माल बाजारात पोचला आणि माल घेऊन गेलेला माणूस रात्री घरी आला, असे धरूनच पुढचा हिशेब होतो. हे गृहीत ज्या गावात अजून खोटे ठरले नाही, ते गाव नशिबाचे म्हणायचे.

ट्रॅक्टर घ्यायला माणूस दुकानात जातो तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? किती एचपीचा आहे. दुसरा प्रश्न, किती ओढतो. दुकानदारही तेच सांगतो, जाहिरातीतही तेच असते, आणि पारावर बसून गप्पा होतात त्याही ओढण्याच्याच. "माझ्या ट्रॅक्टरने अमुक टन ओढले" असे सांगणारा प्रत्येक गावात एक तरी असतो. हा ट्रॅक्टर किती टन थांबवतो, हे विचारणारा आम्हाला अजून भेटायचा आहे.

जरा साधे गणित करू. आपल्याकडचा मध्यम ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. त्याचे ब्रेक त्या दोन टनांना थांबवायला बनवलेले. मागे ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीसह पाच टन वजन झाले, तर थांबवायचे आहेत सात टन, आणि ब्रेक तेच. कारण गावातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावर जिथे चार-साडेचार मीटरवर थांबायचे, तिथे पंधरा मीटर लागतात. हे झाले ताशी २० किलोमीटरने, कोरड्या डांबरावर. पाय ब्रेकपर्यंत जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात साडेपाच मीटर आणखी. आता वेग ३० करा. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. चाळीस मीटरच्या पुढे जाते. आमचा हिशेब ढोबळ आहे, रस्त्यावर माती असेल, दव असेल, उतार असेल तर यापेक्षा वाईट. शाळेतून सुटलेले पोर चाळीस मीटर थांबून राहत नाही.

बंडीच्या काळात हा प्रश्न नव्हता. बंडीत आठ-दहा क्विंटल माल, चाल माणसाच्या चालीएवढी, आणि मुख्य म्हणजे ब्रेक जिवंत. उतार लागला की बैल स्वतः मागे रेटून गाडी धरतो, त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टर उताराला काही रेटत नाही. उलट ट्रॉलीच त्याला मागून ढकलते. म्हणून उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणे, हा जो प्रकार सालदार आणि पोरे करतात, तो ताबडतोब बंद झाला पाहिजे. न्यूट्रलमध्ये सोडला की इंजिनाची धर गेली, राहिले दोन टनांचे ब्रेक आणि मागे पाच टन. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतार उतरावा, आणि गिअर उतार सुरू होण्याच्या आधी टाकावा, मध्यावर नव्हे. वाचलेले डिझेल पावशेरही नसते.

दोन ब्रेक, एक कडी

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, उजव्या चाकाला एक आणि डाव्याला एक. वावरात धुऱ्यावर वळवताना एकच पेडल दाबले की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो, त्यासाठी ती सोय आहे. वावरातून डांबरावर आला की दोन्ही पेडले जोडणारी कडी लावलीच पाहिजे. ती न लावता भरल्या ट्रॉलीसह एकाच पेडलवर पाय पडला तर एक चाक थांबते, दुसरे चालते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. पुष्कळ ट्रॅक्टरची ही कडी गंजून गेलेली किंवा मुळातच हरवलेली दिसते. ती बसवून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. धुऱ्यावर नेहमी एकाच बाजूला वळणारे असतात, त्यांचा त्या बाजूचा ब्रेक आधी झिजतो. मग कडी लावली तरी दोन्ही चाके सारखी धरत नाहीत. मोकळ्या पटांगणात, कडी लावून, हळू चालवत ब्रेक दाबून बघा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला गेला तर ब्रेक जुळवून घेतल्याशिवाय ट्रॉली जोडू नका.

ट्रॉलीला इंजिन नाही म्हणून

ट्रॅक्टरवर बँकेचा हप्ता असतो, म्हणून त्याचे ऑइल बदलले जाते, फिल्टर बदलला जातो, सर्व्हिसिंगची तारीख पाठ असते. ट्रॉली तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून आणलेली. तिला इंजिन नाही, आवाज नाही, ती बंद पडत नाही. म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. पावसाळाभर ती गोठ्याच्या मागे उभी, एक चाक चिखलात रुतलेले, आत कोंबड्या बसतात, आणि दसरा झाला की पहिल्या वेचणीचा कापूस भरायला तीच ट्रॉली काढली जाते.

आमची सूचना अशी. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, ट्रॉलीला कुंकू लावतो. त्याच्या आदल्या दिवशी ट्रॉली रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चाकांपुढे-मागे ठोकळे लावावे आणि एक-एक चाक जॅकवर उचलावे. चाक वर-खाली धरून हलवून बघा. खडखडले तर बेअरिंग ढिले आहे. हाताने फिरवा. घासल्याचा, दळल्याचा आवाज आला तर बेअरिंग गेले. हब खोलून जुने ग्रीस काढून नवे भरायला गावातला कोणताही सायकलवालासुद्धा शिकेल इतके ते सोपे आहे. हंगामात मात्र हब दर वेळी खोलायची गरज नाही. भरली ट्रॉली घेऊन आठ-दहा किलोमीटर गेले की थांबून प्रत्येक हबवर तळहात ठेवा. हात ठेवता आला तर ठीक. एका चाकावर चटका बसला आणि बाकीची कोमट असतील, तर ते चाक पुढे निघून जाणार आहे, हे समजून घ्या.

पाटे बघा. एखादे पान तुटले असेल तर ट्रॉली त्या बाजूला कलते आणि उंच माल असेल तर अधिकच कलते. चाकाचे नट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळायचे असतात, टायर काढून बसवला असेल तेव्हा तर नक्कीच. टायरचे म्हणाल, तर ट्रॅक्टरचे जुने झाले की ट्रॉलीला, आणि ट्रॉलीचे जुने झाले की बंडीला, अशी आपल्याकडे टायरांची वंशावळ असते. बंडीपर्यंत ते गेले तर हरकत नाही. पण बाजूने चिरलेला, दोरे दिसणारा टायर पाच टनांखाली घालू नका, आणि हवा अंदाजाने नव्हे, मापाने भरा. टायरच्या बाजूला किती वजनाला किती हवा ते छापलेले असते.

आता पिन. सगळी ट्रॉली, सगळा माल आणि मागच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचा जीव या एका पिनेवर असतो. आम्ही जिनिंगच्या दारात रांगेत उभ्या ट्रॉल्या पाहतो तेव्हा पिनेच्या जागी काय काय दिसते! बांधकामाच्या सळईचा तुकडा, जुन्या पाट्याचा बोल्ट, कुठे नांगराची कुळी ठोकून बसवलेली. सळई वाकते, मग झिजते, मग एका खड्ड्यात तुटते. पिन जाड, घडीव, डोके असलेली हवी आणि खालून तिला कुलूप म्हणून क्लिप हवी. क्लिपच्या जागी तार नको, खिळाही नको. पिन काढून बोटाने चाचपा. मधोमध खाच पडली असेल तर ती भंगारात. ट्रॉलीच्या दांडीचे कडेही बघा. गोल भोक लांबट झाले असेल तर पिन त्यात आपटते आणि दर आपटीला दोन्ही झिजतात.

पिनेच्या जोडीला साखळी हवी. दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या नेऊन ट्रॅक्टरला अडकवलेल्या, वळता येईल इतक्या सैल आणि जमिनीला घासणार नाहीत इतक्या आवळ. पिन तुटलीच तर दांडी जमिनीत न रुतता त्या फुलीवर पडते आणि ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागेच राहते. ही साखळी आमच्या भागात शंभरात एखाद्या ट्रॉलीला दिसली तर दिसली.

खर्चाचे सांगतो. २०२५-२६ साली केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरवला होता. पिन, क्लिप, साखळ्या, ग्रीस, रेडियम, मागचे दोन दिवे आणि त्यांची वायर, एवढे सगळे आमच्या हिशेबाने एका क्विंटलच्या पैशात बसते आणि काही पैसे उरतात. वाहतुकीचा खर्च सांगताना आपण डिझेल आणि हमाली सांगतो. ही देखभालही उत्पादन खर्चातच धरली पाहिजे, ती चैन नाही.

जोडायचे कुठे, भरायचे कसे

ट्रॉली नेहमी खालच्या हुकाला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्या खाली जोडायची. चढावर ताकद मिळते म्हणून काही जण ती वर टॉप लिंकच्या जागी जोडतात. वरून ओढ आली की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटा चालकाच्या अंगावर येतो. डोळ्याची पापणी लवते एवढाच वेळ लागतो. उडी मारू म्हणणाऱ्याला उडी मारायला वेळ मिळत नाही.

भरण्याचे शास्त्र आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, नवीन शिकायला नको. बंडी मागून जड झाली की उलाळ होते, जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढून जड झाली की सगळे वजन बैलांच्या मानेवर. म्हणून बंडी भरणारा माणूस जू हाताने उचलून अंदाज घेई आणि दोन पोती पुढे-मागे करी. दोन चाकी ट्रॉली म्हणजे मोठी बंडीच आहे. ती मागून जड झाली तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, आणि ब्रेक तर फक्त त्याच चाकांना! हलके चाक ब्रेक लागून नुसते घसरते. पुढून फार जड झाली तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, स्टिअरिंग हलके लागते. थोडे वजन पुढे असावे, फार नसावे. चार चाकी ट्रॉलीत हा दोष कमी, पण ती मागे घेताना कशी वाकते ते चालवणाऱ्यालाच विचारा.

आता मालामालात फरक आहे. आमच्या मते खरा घोळ इथेच आहे. कापूस उंच रचून भरला तरी ट्रॉलीत साधारण वीस-पंचवीस क्विंटल, म्हणजे दोन-अडीच टन. वजनाची भीती नाही, उंचीची आहे. फाळक्याच्या वर पुरुषभर गठ्ठा गेला की ट्रॉलीचा तोल वर जातो. पांदणीत एक चाक नालीत उतरले की ती डोलते, आणि डोलायला लागली की दोरी ताडपत्री काही धरत नाहीत. कडब्याचे तसेच, वर रुंदीही वाढते आणि वरची पेंढी विजेच्या तारेला लागते. गावात शिरणारी तार कुठे लोंबते हे दिवसा बघून ठेवा. कापूस भरल्यावर ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर आणि गठ्ठा यांत अंतर ठेवा. ठिणगी उडते, आणि गठ्ठ्यावर बसून विडी ओढणारा महाभाग तर हमखास असतोच.

पण तीच ट्रॉली उन्हाळ्यात रेती-मुरूम वाहायला भाड्याने जाते. एक ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट. कोरडी असली तर साडेचार टनांच्या आसपास, नदीतून ओली काढली तर पाच. दिसायला ट्रॉली अर्धीच भरलेली दिसते, म्हणून आणखी चार फावडी टाकली जातात. पाटे तिथे तुटतात, एक्सल तिथे वाकतो, कडे तिथे झिजते. आणि दोष दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉलीत दिसतो. भाडे मिळते ते आपण मोजतो, ट्रॉली किती मोडली ते मोजत नाही. ज्याला हा धंदा करायचा त्याने करावा, पण मग देखभालही दुप्पट करावी आणि नवी ट्रॉली बनवून घेताना ब्रेकसह बनवून घ्यावी. ट्रॅक्टरने वेग कमी केला की ट्रॉली पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिच्या दांडीतून तिचे स्वतःचे ब्रेक लागतात, अशी साधी रचना असते. बनवणाऱ्याला कोणी मागत नाही म्हणून तो देत नाही.

मागून येणारा

जिनिंगला नंबर लवकर लागावा म्हणून आपल्या ट्रॉल्या पहाटे तीन-चारला निघतात. काटोल, सावनेर, हिंगणघाट कुठेही जा, थोडा तरी हमरस्ता लागतोच. थंडीत धुके असते. ट्रॉलीला मागे दिवा नाही, असला तर वर कापसाची ताडपत्री लोंबते. ट्रॉली ताशी २० ने चालली आहे, मागून ट्रक ८० ने येतो आहे. ट्रकवाल्याला ट्रॉली ६० मीटरवर दिसली तर त्याच्या हातात साडेतीन सेकंद आहेत. त्याला झोप आली असेल तर तेवढेही नाहीत.

म्हणून दिवे चालले पाहिजेत, पण वायर उंदीर खातात हे आम्हालाही माहीत आहे. दिव्याच्या भरवशावर न राहता रेडियम लावा. मागे लाल, बाजूंना पिवळे, पुढे पांढरे, आणि मागचे लाल अगदी दोन्ही टोकांना, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळेल. ताडपत्री त्याच्यावर येऊ देऊ नका आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. चिखल बसलेले रेडियम आणि साधा पत्रा यांत काही फरक नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात, तिथे कारखान्यांच्या आवारात रेडियम लावून घेतात. आपल्या जिनिंगवाल्यांना आणि बाजार समित्यांना हे करायला कोणी मना केलेले नाही.

ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर आपले लोक चारी बाजूंना दगड मांडतात. मांडा, पण ट्रॉली निघाली की दगड उचला. रात्री मोटरसायकलवर येणारा आपल्याच गावचा असतो.

वेचणाऱ्या बाया

सगळ्यात अवघड विषय शेवटी घेतला. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या मजूर बायांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेली. सात बाया गेल्या, तिघे वाचले. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या होत्या. त्याच्या आधी १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात घाटमपूरला देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक बाया आणि लेकरे. माल भरलेली ट्रॉली उलटली तर माल जातो. माणसांनी भरलेली उलटली तर तिच्याखालून निघायला जागा नसते.

आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काय दिसते? खाली कापूस, वर बाया, मडगार्डवर दोन पोरी, दांडीवर एक पोरगा. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणी बसू नये हा रस्त्याचा नियम आहे, पण नियम बाजूला ठेवा. मडगार्डवरून पडलेला माणूस सरळ ट्रॉलीच्या चाकाखाली जातो, दांडीवरचा तर त्याहून लवकर. आणि ट्रॉलीत बसलेल्यांचा विमा ट्रॅक्टरच्या नेहमीच्या पॉलिसीत धरलेला नसतो. अपघात झाला की कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येऊ शकते. मजूर बाईचे घर बुडते आणि तिच्या मालकाचेही. (लायसनबद्दल मात्र उगाच घाबरवणारे भेटतात. ट्रॅक्टरचे लायसन असेल तर ट्रॉली जोडली म्हणून ते बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी खटल्यात सांगितले आहे. लायसन नसलेल्या सोळा वर्षांच्या पोराला त्याचा उपयोग नाही.)

बायांना आणा-नेण्यासाठी ऑटो किंवा चार चाकी गाडी सांगावी आणि तिचे भाडे वेचणीच्या खर्चात धरावे, हे आमचे मत. परवडत नाही असे ओरडणारे असतील, त्यांच्याशी वाद घालायला आम्ही तयार आहोत. वावर जवळ असेल तर बाया पायी जातील, ते ट्रॉलीपेक्षा बरे. कापसाच्या गठ्ठ्यावर माणूस, हे मात्र कोणत्याही सबबीने नको. बायांनीही नाही म्हणायला शिकले पाहिजे, आणि बायांनी नाही म्हटले तर त्यांचा दिवस कापू नये.

ट्रॉली जोडतानाचे एक सांगायचे राहिले. ट्रॅक्टर मागे घेताना पिन हातात धरून मधे उभा राहणारा माणूस दरवर्षी कुठे ना कुठे चिरडला जातो. आधी ट्रॅक्टर पूर्ण थांबवा, हँडब्रेक लावा, मग माणूस मधे जाईल. दांडी चार जणांनी उचलून धरण्याऐवजी तिच्याखाली स्टँड बसवून घ्या. टिपिंग ट्रॉलीचा डाला उचलून खाली काम करायचे असेल तर लाकडी टेकू दिल्याशिवाय कोणी वाकायचे नाही. जॅकचे तेल एका क्षणात सुटते.

माल विकून परत येताना ट्रॉली रिकामी असते आणि पोरे मोकाट सोडतात. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त उसळते, आणि खालची क्लिप नसेल तर त्या उसळीत पिन वर येऊन निघून पडते. म्हणून कळमना असो की काटोल, पैसे मोजून झाले की ट्रॅक्टरवर चढण्याआधी मागे जाऊन पिन आणि क्लिप हाताने चाचपावी, चारी हबना हात लावावा आणि फाळक्याच्या कड्या लागल्या आहेत का ते बघावे. या कामाला तीन मिनिटे लागतात.